सणाचा धडा करावा का?



आजपासून आगमनकाळ सुरू होत आहे. वेदीवर जांभळी वस्त्रे आली, आगमनमालेतली पहिली मेणबत्ती पेटली, आणि घरोघरी माळ्यावरचे गोठ्याचे खोके खाली उतरले असेल. दरवर्षी या रविवारी आम्ही नाताळच्या आध्यात्मिक तयारीविषयी चार शब्द लिहितो. यंदा मात्र एका प्रश्नाविषयी लिहावेसे वाटते. तो प्रश्न आपल्या धर्मग्रामातल्या एका तरुण आईने आम्हाला विचारला. तिच्या परवानगीने, नाव न घेता, तो येथे मांडत आहोत.

या कुटुंबातली मुले शाळेत जात नाहीत. आईवडील त्यांना घरीच शिकवतात. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, सगळ्यांचीच मुले घरी बसली होती. पुढे शाळा उघडल्या, पण या दांपत्याने विचारपूर्वक मुलांना घरीच ठेवले. गेल्या नाताळात या आईने मोठ्या हौसेने प्रत्येक गोष्टीतून मुलांना काही शिकवायचे ठरवले. गोठा मांडताना नाझरेथ ते बेथलेहेमचा नकाशा झाला. चांदणी करताना कोन मोजून झाले. कलकल करताना मैदा किती, रवा किती, निम्मे केले तर किती, हे गणित झाले. पाहुण्यांची यादी म्हणजे शुद्धलेखन. सगळे छान चालले होते. आणि मग तिचा सहा वर्षांचा मुलगा काट्याच्या पाठीवर कलकल वळता वळता थांबला आणि म्हणाला, "आई, हे पण वहीत लिहायचं का?"

"फादर," ती म्हणाली, "तेव्हापासून मला कळेना. मी मुलांना सण दिला की सणाचा अभ्यास दिला?"

प्रश्न साधा दिसतो. पण सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्या प्रश्नांवर आम्ही तासन् तास वाद घातले, त्यांतले निदान दोन यात दडलेले आहेत. एक, मूल कोणाचे? दुसरा, काही गोष्टी अशा असतात का, की ज्या 'कशासाठी?' असे विचारताच हातातून निसटतात?

आधी घरशिक्षणाविषयी थोडे, कारण याबद्दल आपल्या अंगणांत बरीच कुजबुज चालते. ख्रिस्तसभेची भूमिका यात अस्पष्ट नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असे म्हटले आहे. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. मात्र त्याच घोषणापत्रात हेही आहे की हे काम कुटुंबाला एकट्याने पेलणारे नाही, त्याला समाजाचे साहाय्य हवे. पहिले वाक्य घरी शिकवणारे सांगतात आणि दुसरे त्यांच्यावर टीका करणारे. दोन्ही एकत्र वाचावीत, इतकेच आम्ही सुचवू. कायद्याचे म्हणाल तर २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. घरशिक्षणाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि घरी शिकणारी बरीच मुले तो मार्ग घेतात. ज्यांच्या मनात असा विचार असेल त्यांनी हे सारे नीट समजून घ्यावे. हौस म्हणून करण्याची ही गोष्ट नव्हे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात यावर एक विलक्षण दाखला दिला आहे. प्रश्न वेगळा होता: यहुदी आईबापांच्या मर्जीविरुद्ध त्यांच्या मुलांना स्नानसंस्कार द्यावा का? अनेकांना वाटत होते की द्यावा, मुलाचे भलेच होईल. संत थॉमस म्हणाले, नाही. मूल जन्मापूर्वी जसे आईच्या उदरात असते, तसे जन्मानंतर, स्वतःची बुद्धी वापरू लागेपर्यंत, ते आईवडिलांच्या छायेत असते, जणू एका आध्यात्मिक गर्भाशयात. तेथून त्याला ओढून काढण्याचा अधिकार कोणालाही नाही, चांगल्या हेतूनेही नाही.

हा दाखला घरी शिकवणाऱ्या पालकांना आवडतो. आवडावा असाच आहे. पण त्याची दुसरी बाजू आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. गर्भ कायमचा मुक्काम करण्यासाठी नसतो. नऊ महिने भरले की बाहेर येणे हेच त्याचे प्रयोजन. म्हणून घराविषयी खरा प्रश्न 'मूल येथे सुरक्षित आहे का?' एवढाच नाही. या घरातून बाहेर पडण्याचा दरवाजा कोणता, हाही आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलाला तो दरवाजा आयता मिळतो. हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५० च्या दशकात शिक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्या म्हणतात की शाळा म्हणजे जग नव्हे आणि घरही नव्हे. घर आणि जग यांच्यामध्ये आपण मुद्दाम उभी केलेली ती जागा आहे, मुलाला एकातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून. जर्मनीत तर मुलाला शाळेत पाठवणे सक्तीचेच आहे. तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाने त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, पण समाजात वेगवेगळी बेटे तयार होऊ नयेत, हे जर्मन न्यायालयांचे म्हणणे त्या न्यायालयाने २००६ साली ग्राह्य धरले. आम्हाला जर्मनीची सक्ती पटत नाही, पण भीती समजते. बेटावर वाढलेले मूल हुशार होऊ शकते, भक्तिमानही होऊ शकते. शेजारी कसे व्हावे हे ते कोठे शिकणार?

येथेच सणाचा संबंध येतो. तो समजण्यासाठी आधी सण म्हणजे काय ते पाहू.

आपण ज्याला 'स्कूल' म्हणतो तो शब्द ग्रीक 'स्खोले'पासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे फुरसत! ज्या मुलांच्या पाठीवरची दप्तरे पाहून आपलीच पाठ दुखते, त्यांना हे सांगितले तर हसतील. ॲरिस्टॉटलच्या मते माणूस धडपडतो तो शेवटी निवांत होण्यासाठी, जसा तो युद्ध करतो ते शांततेसाठी. म्हणजे काम हे साधन आणि फुरसत हे साध्य. आपण मात्र उलटे करून ठेवले आहे. रविवारी विश्रांती का घ्यायची? तर सोमवारी ताजेतवाने होऊन कामाला लागता यावे म्हणून. सुट्टीत मुलांनी काय करायचे? तर पुढच्या इयत्तेची तयारी. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाची तरी शिडी. मग कोठे पोहोचायचे आहे?

गेल्या शतकातले जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी फुरसतीवर आणि नंतर सणांवर एकेक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जग मुळात चांगले आहे, असणे चांगले आहे, याला मनापासून 'होय' म्हणणे म्हणजे सण. हा होकार रोजच मनात असतो, सणाला तो मोठ्याने उच्चारला जातो. असा होकार कशाच्या तरी फायद्यासाठी देता येत नाही. तुम्ही एखाद्यावर प्रेम करता ते तब्येतीला बरे असते म्हणून, असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू? बरे असेलही. पण त्या कारणासाठी केलेले प्रेम हे प्रेम नव्हे. सणाचेही तसेच आहे. सणातून मुले पुष्कळ शिकतात यात शंका नाही. पण शिकावीत म्हणून केलेला सण ती लगेच ओळखतात, आणि वही उघडतात.

हे फक्त घरी शिकवणाऱ्यांना उद्देशून आहे असे कृपया कोणी समजू नये. आपल्या गोठा स्पर्धेचेच पाहा. काही वर्षे परीक्षकांबरोबर घरोघरी फिरून आम्ही जे पाहिले ते सांगतो. थर्माकोलचे डोंगर, मोटारीवर फिरणारी पाणचक्की, धुराचे यंत्र, निळे-लाल दिवे. पप्पा घामाघूम, काका वायरींमध्ये. आणि लहान मुले? ती दोन हात लांब उभी, कारण "हात लावू नको, परीक्षक येतायत!" बाळ येशूसाठी मांडलेल्या गोठ्याला बाळांनी हात लावायचा नाही. मेंढपाळांनासुद्धा कोणी अडवले नव्हते. आणि हल्ली आणखी एक पाहुणा आला आहे, मोबाइलचा कॅमेरा. मूल मेणबत्ती लावते, पण पुन्हा लाव, फोटो नीट आला नाही. दुसऱ्यांदा लावलेली ती मेणबत्ती कोणासाठी होती, हे मुलाला पक्के कळते.

आता यावर एक रास्त आक्षेप येईल. फादर, पवित्र शास्त्रातच सणांमधून मुलांना शिकवा असे सांगितले आहे ना? सांगितले आहे. निर्गमच्या पुस्तकात वल्हांडणाच्या सणाचा विधी सांगताना पुढे मुले विचारतील की याचा अर्थ काय, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचे, हे दिले आहे. पण क्रम नीट पाहा. आधी सण. कोकरू, बेखमीर भाकर, कमरा कसून, घाईघाईने खाणे. ते सारे घडते, मोठी माणसे ते स्वतःसाठी, देवासाठी करतात. मूल बघते, त्याला नवल वाटते, आणि मग ते विचारते. प्रश्न मुलाचा आहे. उत्तर त्यानंतर येते, आणि तेही छोटेसे. आजही यहुदी कुटुंबांत वल्हांडणाच्या रात्री ताटावरचा सर्वांत लहान प्रश्न विचारतो. आपण मात्र प्रश्न पडण्याआधीच उत्तर देऊन टाकतो. भूक लागण्याआधी भरवलेल्या मुलासारखी मग गत होते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मचरित्रात बालपणाची एक गोष्ट नोंदवली आहे. ग्रीक भाषा त्यांना शाळेत धाक आणि शिक्षा यांच्या जोरावर शिकवली गेली आणि त्यांना तिचा तिटकारा आला. लॅटिन मात्र ते दायांच्या लाडात, हसण्याखेळण्यात शिकले, कोणी न शिकवता. कारण मनात जे होते ते बोलायचे होते आणि ऐकणारे प्रेमाचे होते. भक्तीची, आनंदाची, पाहुणचाराची भाषा अशीच येते, असे आम्हाला वाटते. तिचे व्याकरण नंतर शिकवावे, जरूर शिकवावे. धर्मशिक्षणाचे वर्ग त्यासाठीच आहेत. (त्या वर्गांना दांडी मारण्यासाठी कोणी या लेखाचा आधार घेऊ नये.)

आपल्या मराठी माणसाला 'श्यामची आई' आठवेल. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात न्हाऊन झाल्यावर छोटा श्याम हट्ट धरतो की पायांना माती लागू नये. आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते आणि त्यावर पाय ठेवून त्याला उतरू देते. पायांना जपतोस तसे मनालाही जप, हे ती नंतर सांगते. आपण भाषणांत ते वाक्यच उचलतो आणि पसरलेले ओले लुगडे विसरतो. ते पसरले नसते तर वाक्याला काय किंमत होती?

एका घराची हकीकत सांगतो, जेथे मुलांना काही काळ घरी शिकवले गेले आणि जेथे सण खरेखुरे सण होते. बाळ येशूची संत तेरेजा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, तिच्या पुतळ्यापुढे आपण गुलाब ठेवतो. तिचे वडील लुई मार्टिन फ्रान्समधल्या अलाँसाँ गावात घड्याळजी होते, आई झेली तेथली प्रसिद्ध लेस विणवून घेण्याचा धंदा सांभाळत असे. नऊ मुले झाली, चार लहानपणीच गेली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नीला एकाच वेळी संतपद बहाल केले. लुई रविवारी दुकान उघडत नसत. बाजाराला आलेली खेड्यातली गिऱ्हाइके जातात हे दिसत असूनही नाही. आज आपल्या भागात ज्यांची दुकाने आहेत, ज्यांचा भाजीचा, फुलांचा धंदा आहे, त्यांना या निर्णयाची किंमत कोणी सांगायला नको. पण त्या बंद दुकानामुळे घरात रविवार 'दिसत' होता. मुलांना रविवारचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तेरेजा साडेचार वर्षांची असताना, ऑगस्ट १८७७ मध्ये, आई गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यूला आले आणि थोरली बहीण पोलिन तिची आई आणि शिक्षिका झाली. साडेआठ वर्षांची होईपर्यंत तेरेजा घरीच शिकली. आत्मचरित्रात ती रविवारचे वर्णन करते ते वाचण्यासारखे आहे. त्या दिवशी उशिरा उठायचे, पोलिन बिछान्यातच गरम चॉकलेट आणून द्यायची, मग नटूनथटून सगळ्यांनी मिळून मिस्साला. आणि संध्याकाळ होऊ लागली की मनाला हुरहूर, कारण उद्या पुन्हा धडे. बघा, शिक्षिका तीच, घर तेच, पण रविवारी पोलिन धडे घेत नव्हती, चॉकलेट आणत होती. आठवडाभर जी समोर बसे ती त्या दिवशी शेजारी बसे.

याच ठिकाणी त्या तरुण आईच्या प्रश्नाचे मर्म आहे असे आम्हाला वाटते. शाळेत जाणाऱ्या मुलाला दुपारी घरी आल्यावर आई परत मिळते. घरी शिकणाऱ्या मुलाची बाई आणि आई एकच. ती त्याची चूक दाखवते, तीच त्याला कुशीत घेते. हे जमवणाऱ्या आयांना आमचा मनापासून नमस्कार. पण अशा मुलाला आपली आई नुसती आई म्हणून परत कधी मिळणार? सणाला. सणाच्या दिवशी ती शिकवत नाही. त्या दिवशी तीही त्याच्याबरोबर, त्याच दिशेला तोंड करून, गुडघे टेकते. गोठ्यातल्या बाळापुढे सहा वर्षांचा मुलगा आणि तीस वर्षांची आई यांच्यात इयत्तेचा फरक उरत नाही. तो दिवसही आपण वर्गात बदलला तर मुलाने आईला शोधायचे तरी कोठे?

मार्टिन घरात गमतीही होत्या. त्या काळी फ्रान्समध्ये रविवारच्या मिस्सानंतर आशीर्वादित पाव वाटत. लहान तेरेजा चर्चला जाण्याइतकी मोठी नव्हती, तेव्हा सेलिन बहीण तिच्यासाठी पावाचा तुकडा घेऊन येई. एकदा तो नव्हता. तेरेजा म्हणाली, मग तूच बनव ना! सेलिनने पाव आणला, एक छोटा तुकडा काढला, त्यावर गंभीरपणे 'नमो मरिया' म्हटली आणि दोघींनी तो खाल्ला. आमच्यासारख्या धर्मगुरूंनी त्यावर भुवया उंचावाव्यात की नाही, हा भाग सोडा. ही दोन मुले सण खेळत होती, आणि त्यांना तो कोणी खेळायला लावला नव्हता. पुढे घरी शिकत असताना बक्षीस समारंभही होई. स्पर्धक एकटी तेरेजाच! वडील अध्यक्ष, घरचे सगळे जमलेले, आणि तरी बक्षीस मिळे ते जेवढे कमावले तेवढेच. छाती धडधडत असे, असे ती लिहिते. घरी शिकवणाऱ्यांनी ही कल्पना उचलण्यास आमची हरकत नाही.

येथवर चित्र गोड आहे. पण पुढचे सांगितले नाही तर ते खोटे ठरेल. ऑक्टोबर १८८१ मध्ये तेरेजा मठातल्या धर्मभगिनींच्या शाळेत गेली, आणि ती पाच वर्षे आयुष्यातली सर्वांत दुःखाची होती असे तिने स्वतः म्हटले आहे. मोठ्या मुली हेवा करत, हिला उत्तर देता येत नसे, ही रडे. रडल्याबद्दल पुन्हा रडे. शेवटी तिला शाळेतून काढावे लागले. दोष कोणाचा? शाळेचा, असे एक पक्ष म्हणेल, लाडाचा, असे दुसरा. एका वर्षात तिची दुसरी आई, पोलिनही, मठात निघून गेली, हे दोन्ही पक्ष विसरतात. आम्ही निकाल देणार नाही. गर्भातून बाहेर येणे सोपे नसते, एवढेच म्हणू.

ती बाहेर आली ती एका नाताळच्या रात्री. साल १८८६, तेरेजा चौदाव्या वर्षाला टेकलेली. मध्यरात्रीच्या मिस्साहून सगळे परतले. चुलीजवळ मुलांनी बूट ठेवायचे आणि त्यांत भेटी सापडायच्या, अशी तिथली रीत. ती आता खरे तर लहान राहिली नव्हती, पण धाकटी म्हणून तिच्यासाठी अजून चालू होती. वडील थकले होते. तिला ऐकू जाईल याची कल्पना नसताना ते त्रासून म्हणाले की बरे झाले, हे शेवटचे वर्ष. तेरेजा जिन्यावर होती. डोळे भरले. सेलिन म्हणाली, आता खाली जाऊ नकोस. ती गेली. अश्रू गिळून खाली गेली, बूट वडिलांपुढे ठेवले आणि एकेक भेट काढून अशी आनंदली की वडीलही हसू लागले. त्या रात्री आपले बाळपण संपले आणि मनाला बळ आले, असे ती सांगते.

काय झाले त्या रात्री? आजवर वडील मुलीसाठी सण करत होते. त्या रात्री मुलीने वडिलांसाठी केला. हे तिला कोणत्या धड्यात शिकवले होते? ज्याला वर्षानुवर्षे सण फुकट मिळाला, हिशेबाशिवाय मिळाला, त्यालाच तो एक दिवस दुसऱ्याला फुकट देता येतो. प्रत्येक कलकलचे गणित झाले असते तर तेरेजाने वडिलांच्या त्या वाक्याचेही गणितच केले असते.

म्हणून वर विचारलेल्या दरवाजाच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे की घरी शिकणाऱ्या मुलाचा तो दरवाजा म्हणजे सण. कारण सण कुटुंबाच्या मालकीचा नसतो. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमेला जातो ती गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. परतताना योसेफ आणि मरिया एक पूर्ण दिवसाची वाट चालून गेले, मुलगा सोबत नाही हे त्यांच्या लक्षातच आले नाही. असेल नातलगांबरोबर, ओळखीच्यांबरोबर, असे त्यांनी धरले. आजच्या आया यावर कपाळाला हात लावतात. पण विचार करा, त्या पवित्र कुटुंबाचा आपल्या गावावर केवढा भरवसा असेल!

आपल्याकडे तो तांडा अजून पुरता विरलेला नाही. मे महिन्यात नाक्यावरच्या क्रुसापाशी प्रार्थनेला जमतो तेव्हा चणे-गूळ वाटायला लहान हात पुढे येतात. २ नोव्हेंबरला दफनभूमीत प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावते, आणि लहान मुले शेजारच्या, कोणी न आलेल्या कबरीवरही एक लावून येतात. ते त्यांना कोणी सांगितलेले नसते. दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते, नाताळात आपल्या करंज्या आणि कलकल जातात, आणि ताट रिकामे परत पाठवायचे नाही हा नियम दोन्ही घरांत एकच. ते झाकलेले ताट घेऊन पाच वर्षांची मुलगी एकटी अंगण ओलांडून जाते तेव्हा ती घरातून जगात जात असते. तिला जाऊ द्या. पाठोपाठ "काय म्हणायचं सांग बघू?" असे ओरडू नका.

आणि एक विनंती आपणा सर्वांना, विशेषतः आजोबा-मामा मंडळींना. घरी शिकणारी मुले बारशाला, लग्नाला, सणाला दिसली की आपण त्यांना पकडतो. "कितवीत आहेस? शाळेत नाही जात? मग सतरा गुणिले आठ सांग." त्या मुलांना समाजात मिसळता येत नाही अशी काळजीही आपणच करतो! सणाच्या दिवशी तोंडी परीक्षा घेणारा समाज पाहून कोणते मूल मिसळायला येईल? त्यांच्या हातात कॅरलची टाळ द्या, वाढपात द्रोण द्या. ती शिकलेली आहेत की नाही हे नंतर पाहता येईल.

त्या आईला आम्ही काय सांगितले, असे काही जण विचारतील. गणित सोमवारी घ्या, मैदा तोच आहे, असे सांगितले. ती हसली. मग म्हणाली, "पण फादर, मला स्वतःला नुसतं बसून कलकल वळायचं जमत नाही हो, सारखं वाटतं काहीतरी राहून जातंय." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. हे आपल्यातल्या पुष्कळांचे दुखणे आहे, आणि चार आठवड्यांचा आगमनकाळ ख्रिस्तसभेने काहीही घाई न करता वाट पाहण्यासाठीच ठेवला आहे.

धर्मग्राम समितीशी बोलून यंदा गोठा स्पर्धेत थोडा बदल केला आहे. बारा वर्षांखालील मुलांनी स्वतः मांडलेल्या गोठ्यांना क्रमांक दिले जाणार नाहीत. परीक्षकही येणार नाहीत. २६ ते ३० डिसेंबर या दिवसांत आम्ही आणि सहायक धर्मगुरू संध्याकाळी सहानंतर त्या घरी येऊ, मुले दाखवतील ते पाहू आणि त्यांच्याबरोबर एक गीत म्हणू. मोठ्यांनी फक्त वायरी तपासून द्याव्यात. मुले शाळेत जाणारी असोत वा घरी शिकणारी, त्यांची नावे पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात द्यावीत. नाव द्यायला मुलांनी स्वतः यावे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू